फॉर्मवरचं कारण

परळ, १२ नोव्हेंबर २०२४

दीपे,

जय भीम. तब्येत बरी आहे, डोकं ठिकाणावर नाही. पासपोर्ट परत आले, दोघांचेही. आत कागद घातलाय, तो शेजारच्या कौसल्येच्या सुनेने वाचून दाखवला. व्हिसा नाकारला. तुझ्याकडे यायचं कारण त्यांना पटलं म्हणे, परत जायचं पटलं नाही. म्हणजे आम्ही तुझ्या आयर्लंडात जाऊन बसणार आणि उठणारच नाही. अगं, मी तिथे राहून करू काय? ना शेजारपाजार ओळखीचा, ना ओले बोंबील मिळत.

फोनच केला असता. पण मी आवाज चढवला की तू "आई, ड्युटी आहे, ठेवते" म्हणतेस. आणि आपल्या खोलीत एक बोलतो, दहा ऐकतात. तुझे पप्पा तर टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतात. म्हणून वहीत लिहिते आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकते. चौथीपर्यंत शाळा, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण तुला लागेल. तूही लिहूनच पाठव. लिहिलेलं मला दोनदा वाचता येतं.

दादरला फॉर्म भरून देणारा तो दीपक आहे ना, त्याला जाऊन झापलं. म्हटलं, काय भरलंस रे? तो म्हणतो, "काकी, तुम्ही सांगितलं तेच भरलं. काम काय करता विचारलं, तुम्ही म्हणालात काय नाय, घरीच असते. मी लिहिलं गृहिणी." मग बरोबरच आहे की. मी घरीच तर असते. पप्पांचं लिहिलं, पालिकेतून रिटायर. त्यात खोटं काय?

जास्त भांडायला वेळ नव्हता. अकराच्या आत धर्मशाळेत सतरा डबे पोचवायचे होते. तिथे जळगावचे एक मास्तर उतरलेत, जबड्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना रोज मऊ भात वरणात घोटून, गाळून देते. परवा जरा घट्ट झाला तर त्यांची बायको धावत आली, गिळवत नाही म्हणाली. परत उकळून दिला. हॉस्पिटलच्या माणसांचं असंच असतं, वेळ चुकवून चालत नाही.

ते जाऊ दे. फेब्रुवारीत तुझं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरचं. तुला इथे येता येत नाही तर माहेरानेच उठून यायचं, त्याला साहेबाची परवानगी कशाला लागते? डिंक आणलाय, अळीव निवडून ठेवलेत, जुन्या लुगड्यांची अकरा दुपटी शिवलीत. परत अर्ज कसा करायचा ते लिही. आणि लवकर लिही.

तुझी आई,
चंपा


लिमरिक, १६ नोव्हेंबर

प्रिय आई,

तुझं पत्र वॉर्डमधल्या मधल्या सुट्टीत वाचलं. "घरीच असते" इथे आले आणि एवढी हसले की सोबतच्या नर्सने काय झालं म्हणून विचारलं. तिला सांगताच येईना.

आई, पंधरा वर्षं तू पेशंटचे डबे करतेस. ताप असला तरी करतेस. माझ्या लग्नाच्या सकाळीसुद्धा डबे गेल्यावर तू साडी बदललीस. आणि साहेबाला सांगतेस, काही करत नाही! त्याने काय वाचलं असेल बघ: नवरा रिटायर, बायको घरी बसलेली, एकुलती एक मुलगी परदेशात. तो विचारणारच, ही माणसं मागे कशासाठी फिरतील?

पुन्हा अर्ज करता येतो. आधी नकार मिळाला होता हे लपवायचं नाही, तो कागद जोडायचा आणि त्यातल्या शंकेला उत्तर द्यायचं. तुझं काम कागदावर आण. धर्मशाळेच्या मॅनेजरकडून पत्र घे, तू किती वर्षं जेवण देतेस आणि तू नसलीस तर काय अडतं ते लिहून. खाद्यपदार्थांचं लायसन्स काढून घे. मी वीस डिसेंबरपर्यंत नवीन निमंत्रणाचं पत्र पाठवते, तुझ्या जावयाच्या कंपनीचंही जोडते. सम्यकने सगळ्या कागदांची यादी करून भिंतीवर लावली आहे.

बाळ मजेत. स्वभाव तुझा घेतलाय. माझ्या जेवणाला पाच मिनिटं उशीर झाला की आतून लाथा.

तुझी,
दीपा


परळ, ८ डिसेंबर

दीपे,

सहा तारखेला आम्ही दोघं शिवाजी पार्कात होतो, बाहेरगावाहून आलेल्या माणसांना पोळीभाजी वाटायला. म्हणून फाईल दोन दिवस मागे पडली. आता झाली.

धर्मशाळेच्या मॅनेजरकडे, हितेंद्रभाईंकडे गेले. म्हटलं, पत्र पाहिजे, लेकीकडे जायचंय. ते म्हणाले, "चंपाबेन, किती दिवस?"

"दोन महिने."

माणूस खुर्चीतून उठलाच. "दोन महिने? मग पेशंट लोक खाणार काय? तुम्ही परत येणार ना नक्की?"

म्हटलं, हेच लिहा. असंच्या असं लिहा.

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला. मग मास्तरांची बायको म्हणाली मी पण लिहिते. तिने दोन पानं लिहिली, त्यात मला अन्नपूर्णा म्हटलंय. म्हटलं ते काढा, साहेबाला वाटेल अन्नपूर्णा कोण दुसरी बाई. लायसन्सचा अर्ज दीपकने भरला. ह्या वेळी त्याने काम विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "काकी, घरीच असते म्हणू नका."

माझ्या मागे डबे कौसल्या बघेल. तिला शिकवतेय. तिचा हात तिखटाला सैल. म्हटलं, बाई, तोंड सोललेली माणसं आहेत, तुझा नवरा नाही, की काहीही घातलं तरी गप्प खाईल.

आता तुझं पत्र आलं की फाईल देते. जानेवारी संपायच्या आत मला तिथे असलं पाहिजे. पोट खाली उतरलं का? पाय सुजतात का? कामाला उभी राहू नकोस जास्त.

आई


परळ, २ जानेवारी २०२५

दीपे,

वीस तारीख गेली, नवं वर्ष लागलं, तुझं निमंत्रण नाही. फोन करते तर दोन शब्द बोलतेस. तोंड दाखव म्हटलं तर कॅमेरा खराब. पंधरा दिवस झाले, नर्स माणसाला एक कॅमेरा दुरुस्त करता येत नाही?

मला खरं काय ते सांग. तुझ्या सासूला बोलावलंस का? ती शिकलेली आहे, तिला इंग्रजी येतं, तुझ्या मैत्रिणींत बसवता येईल. तसं असेल तर सांग, मी काय दारात येऊन रडणार नाही. पण मला फाईल घेऊन वेड्यासारखी बसवून ठेवू नकोस.

लायसन्स आलं. त्यावर माझं नाव छापलंय. पप्पांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

आई


लिमरिक, ६ जानेवारी

आई,

उशिराबद्दल माफ कर. मी विचार केला, आता अर्ज नको करूया. इथे खूप थंडी आहे, तुला सोसणार नाही. सम्यक आहे माझ्याजवळ. सासूबाईंना बोलावलेलं नाही, कुणालाच नाही. पुढे कधीतरी बघू.

पप्पांना सांभाळ.

दीपा


परळ, ९ जानेवारी

दीपिका,

मिळालं पत्र. थंडी म्हणे. मी पहाटे चारला नळावर थंड पाण्याने आंघोळ करणारी बाई, मला थंडी दाखवतेस?

कळलं मला. साहेबापुढे माझे कागद मांडायची तुला लाज वाटते. आई डबे करते, चौथी शिकलेली, हे तिथे सगळ्यांना कळेल. आधी बरी होती, घरी बसणारी. आता लायसन्सवर नाव छापून आलं तशी नकोशी झाली.

बरं. नाही येत. डिंक कौसल्येच्या सुनेला देऊन टाकला. दुपटी पण देईन. पोर झालं की एक फोटो पाठव, तेवढे उपकार कर.

चंपा


लिमरिक, १० जानेवारी

आई,

बाळ नाही.

सतरा डिसेंबरला सकाळपासून लाथा थांबल्या. मी नर्स आहे, हॉस्पिटलात पोचायच्या आधीच मला कळलं होतं. एकतिसावा आठवडा होता. मुलगा. कळा आल्या, टाके पडले, सगळं बाळंतपणासारखंच झालं. फक्त शेवटी आवाज झाला नाही.

तुला सांगायला फोन हातात घेतला तेव्हा तुझाच मेसेज आला होता, लायसन्ससाठी फोटो काढलायस, पदर नीट दिसतोय का ते विचारलं होतंस. मी लिहिलं, छान दिसतोय. त्या दिवशी नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी सांगायला आणखी जड गेलं. असे चोवीस दिवस झाले. कॅमेरा चांगला आहे. तुला पोट दिसू नये म्हणून तसं म्हटलं.

तुझी लाज मला कधीच वाटली नाही. तुला माहीत नव्हतं म्हणून तू तसं लिहिलंस, ते मनाला लावून घेऊ नकोस.

अर्ज नको म्हटलं कारण फॉर्मवर येण्याचं कारण लिहायला लागतं. मी तो उघडून बसले होते. आपण मागच्या वेळी लिहिलं होतं, मुलीच्या बाळंतपणासाठी. आता त्या रकान्यात काय लिहू, सांग.

दीपा


परळ, १० जानेवारी

दीपे, माझ्या बाय,

पप्पांना वाचून दाखवलं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिलेत ते अजून आत आले नाहीत. चहा ठेवलाय तसाच.

ते पोराच्या फोटोचं लिहिलं तो हात झडो माझा. पेनाने लिहिलं, पुसताही येत नाही. ते पान फाडलं मी वहीतून, पण तुझ्याकडे गेलंच ना.

दूध आलं असेल गं. तिसऱ्या दिवशी येतंच. काय केलंस? कुणी बांधलं? तिथे कुणाला कळतं का त्यातलं?

रकान्यात काय लिहू विचारतेस. बाळंतपण लिही. बाळ नाही म्हणून तू बाळंतीण नाहीस होय? कळा दिल्यास, टाके पडले, अंग रिकामं झालं. सव्वा महिना तेल लावायचं, शेक द्यायचा, पोट बांधायचं, हातात गरम ताट द्यायचं, हे काय बाळासाठी असतं? बाळाला दूध पुरतं. बाकीचं सगळं आईसाठी असतं. आपल्याकडे ज्या बाईचं पोर राहिलं नाही तिलाही कुणी उठून कामाला लाग म्हणत नाही. सव्वा महिना उलटून जाईल म्हणशील. जाऊ दे. उशिरा करीन.

तेच कारण लिही. त्यांनी परत नाही म्हटलं तर परत अर्ज करीन. मग परत.

डिंक कुणाला दिला नाही. रागाने खोटं लिहिलं होतं. दुपटी मात्र ट्रंकेत तळाला टाकली आहेत, तू म्हणशील तेव्हाच काढीन.

आज काय जेवलीस ते लिही.

आई


लिमरिक, १५ जानेवारी

आई,

दूध आलं होतं. हॉस्पिटलातल्या दाईने बर्फाच्या पिशव्या दिल्या, घट्ट कपडा घालायला सांगितला. आठ दिवसांनी ओसरलं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तुला एक सांगते. इथे अशा वेळी सुद्धा बाळंतपणाची पूर्ण रजा देतात. बाळ असो नसो. म्हणजे इथलं सरकारही तुझ्याचसारखं बोलतं. सम्यक कामावर गेला की मी दिवसभर घरी एकटी असते. ड्युटी आहे सांगत होते तेही खरं नव्हतं.

रकान्यात लिहिलं आहे: मुलीची प्रसूतीनंतरची शुश्रूषा. सोबत माझ्या निमंत्रणाच्या पत्रात काय झालं ते सगळं लिहिलं, डॉक्टरांचा कागद जोडला. दोघांसाठी दोन निमंत्रणं पाठवते. पप्पांना मफलर घ्यायला सांग.

आज डाळभात केला. पाणी जास्त झालं. खाल्ला.

दीपा


परळ, २८ जानेवारी

दीपे,

फाईल दिली. काय झालं ते ऐक.

व्हिसाच्या ऑफिसात तुझे पप्पा माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. टोकन लागलं, काउंटरवरच्या मुलीने माझे कागद घेतले आणि विचारलं, "अर्ज एकच?" मी म्हटलं, एक कसा, दोन. ह्यांच्याकडे बघते तर माणूस छताकडे बघतोय.

"अहो, तुमचा फॉर्म?"

"नाही भरला."

"नाही भरला म्हणजे? दीपक विसरला?"

"मीच नको म्हटलं त्याला. दोघं निघालो की त्यांना वाटतं कुलूप लावून चालले. एक मागे राहिला तर दुसरा परत येतो. मी राहतो."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"तुमची पण लेक आहे."

"म्हणून तर."

एकतीस वर्षांत हा माणूस सलग एवढं कधी बोलला नव्हता, आणि बोलला कुठे, तर मागे वीस माणसं रांगेत असताना. मला भांडताही येईना. ती मुलगी पेन धरून बसलेली. तिने हळूच विचारलं, "काकू, तुम्ही काय करता?"

म्हटलं, "डबे करते. हॉस्पिटलच्या पेशंटचे. पंधरा वर्षं झाली." एवढ्या मोठ्याने सांगितलं की सगळ्या खुर्च्या वळल्या. ती म्हणाली, काकू, लिहिलेलं आहे, मी फक्त जुळवून बघत होते.

बाहेर आल्यावर ह्यांना म्हटलं, दोन महिने जेवणार काय? म्हणाले, कौसल्येचा डबा लावीन. म्हटलं, तिखट असतो. म्हणाले, माझं तोंड कुठे सोललंय.

पण एक बघितलं मी दीपे. त्यांनी मफलर आधीच घेऊन ठेवला होता. तो माझ्या बॅगेत घातला, तुझ्यासाठी.

आई


परळ, १८ मार्च

दीपे,

आला. व्हिसा आला. कौसल्येच्या सुनेने वाचला, मग दीपकने वाचला, मग हितेंद्रभाईंनी चष्मा पुसून वाचला. तिघांनी तेच सांगितलं तेव्हा मी खाली बसले. ह्यांनी पासपोर्ट बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला आणि बाजारातून अळीव आणायला गेले. आधीच्या अळिवांना मुंग्या लागल्या होत्या.

तिकीट काढ. तू जेवत जा तोवर.

आई


लिमरिक, ६ एप्रिल

दीपाच्या पप्पांना,

जय भीम. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एका खोलीत राहून कागदाची गरज पडली नाही. फोनवर सांगितलं असतं, पण दीपी आत झोपली आहे, आणि हे सांगताना माझा आवाज राहणार नाही.

विमानतळावर ती रडली नाही. माझ्या हातातून बॅग घेतली, "थकलीस का" विचारलं. दोन दिवस मला पाहुण्यासारखं वागवलं. आई, हीटर वाढवू का, आई, चहा घे. पोरगी अर्धी झालीय हो. सम्यक पण. तो बिचारा माझ्यासमोर भांडीच घासत राहतो, घासलेली परत घासतो. मी त्याला म्हटलं, ठेव ते, ये इथे बस. तेवढ्याने त्याचे डोळे भरले.

तिसऱ्या दिवशी मी तिला आडवी केली, तेल गरम केलं आणि चोळायला घेतलं. ती हसत होती, "आई, साडेतीन महिने झाले आता." म्हटलं, गप पड. पाठ चोळली, पाय चोळले. मग पोट बांधायला सुती पट्टा गुंडाळला, गाठ मारली, आणि त्या गाठीवर तिने हात ठेवला. मग जी रडली ती दुपार होईपर्यंत. तुम्ही मला ओळखता, मला दर गोष्टीत काहीतरी बोलायला लागतं. पण तेव्हा नुसती धरून बसले. तव्यावरची भाकरी जळली, तरी उठले नाही.

आज सकाळी तिने कपाटातून एक खोका काढला. हॉस्पिटलाने दिलेला. आत लोकरीची एवढीशी टोपी आणि एक जाड कागद, त्यावर शाईने उठवलेली दोन पावलं. माझ्या अंगठ्याएवढी. मी चष्मा लावून खिडकीशी नेऊन बघितली. अहो, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. टाच रुंद. मी म्हटलं, दीपे, हा तर पप्पांचा पाय. तर ती म्हणाली, "मला पण त्याच दिवशी तसं वाटलं होतं. सांगायला कुणी नव्हतं."

त्या कागदाचा फोटो पाठवत नाही. फोनवरून नको म्हणाली ती, पुढे कधीतरी पप्पांना हातातच देईन म्हणाली. पण तिला तुमचा पाय हवा आहे. वहीचं कोरं पान जमिनीवर ठेवा, उजवं पाऊल त्यावर ठेवा आणि कडेने पेन फिरवा. कौसल्येला धरायला सांगा, नाहीतर तोल जाईल. बोटं नीट येऊ देत. मग त्याचा फोटो पाठवा, तिला दोन्ही शेजारी ठेवून बघायचं आहे.

आजच पाठवा. पाय धुवून घ्या आधी.

चंपा